बाटलीभर पाण्यात नदीच्या माशांची झडती

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा व्यवहार करू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. जी दिसत नाही तिचा दर ठरवायचा कसा? नदीतल्या माशांच्या बाबतीत मात्र आपण वर्षानुवर्षे हाच व्यवहार करत आलो आहोत. गावात म्हशी किती, शेळ्या किती, हे पशुगणनेत येते. ऊस किती, तूर किती, हे पीक पाहणीत येते. पण गावच्या नदीत किती जातींचे मासे आहेत, असे विचारले तर उत्तर एकच मिळते, "पूर्वी मरळ असायची, वाम मिळायची, आता जिकडं बघावं तिकडं चिलापी!" हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. पण ते कागदावर नसते. आणि जे कागदावर नाही ते कचेरीत चालत नाही, हे शेतकरी बंधूंनो, तुम्हाला वेगळे सांगायला नको.

नदीतले मासे कागदावर आणण्याची एक नवी रीत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जगभर रुळली आहे. जाळे नाही, गळ नाही, होडी नाही. नदीतून दोन लिटर पाणी घ्यायचे आणि त्या पाण्यावरून इथे कोणकोणते मासे आहेत ते ओळखायचे. शास्त्रज्ञ याला पर्यावरणीय डीएनए किंवा थोडक्यात ई-डीएनए म्हणतात. ऐकायला ही जादू वाटते, पण ती जादू नाही. तिचे नियम आहेत आणि तिच्या मर्यादाही आहेत. त्या मर्यादा न समजता कोणी बाटलीवर विश्वास टाकला तर नुकसानही होऊ शकते. म्हणून ही रीत काय आहे, ती कुठे उपयोगी पडली, कुठे वादात सापडली आणि आपल्या गावाने तिच्याकडे कसे बघावे, ते आज पाहू.

पाण्यात काय उतरते?

बैल रस्त्याने गेला की मागे खुरांचे ठसे राहतात, शेण पडते, कुंपणाला केस चिकटतात. बैल दिसला नाही तरी तो या वाटेने गेला हे आपण सांगतो. माशाचेही तसेच आहे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत चिकटा, झिजलेले खवले, विष्ठा, विणीच्या काळातली अंडी आणि वीर्य, हे सगळे पाण्यात मिसळत असते. त्यात त्याच्या शरीरातल्या सूक्ष्म पेशी असतात आणि जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. डीएनए म्हणजे त्या जिवाचा सातबाराच समजा. रोहूचा वेगळा, कटल्याचा वेगळा, मरळीचा वेगळा.

हे पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून गाळतात. पेशी आणि डीएनएचे तुकडे कागदावर अडकतात. तो कागद प्रयोगशाळेत जातो. तिथे त्यातला डीएनए वेगळा काढून त्याच्या लाखो नकला तयार करतात. या नकला करण्याच्या पद्धतीला पीसीआर म्हणतात. हे नाव तुमच्या कानावरून गेले आहे. कोरोनाच्या काळात नाकातल्या स्वॅबची जी तपासणी व्हायची तिच्या मुळाशी हीच पद्धत होती. तिथे विषाणू शोधत होते, इथे मासा शोधतात.

शोध दोन प्रकारे घेता येतो. एक म्हणजे ठराविक एकच मासा आहे की नाही एवढेच तपासायचे. दुसरा म्हणजे पाण्यात जेवढ्या जातींच्या माशांचा डीएनए सापडेल तेवढा सगळा वाचायचा. या दुसऱ्या प्रकारासाठी जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ साली 'मायफिश' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. माशांच्या डीएनएतला सुमारे १७० अक्षरांचा एक छोटा तुकडा ती वाचते. जपानमधल्या ओकिनावाच्या मत्स्यालयात टाक्यांत कोणते मासे सोडले आहेत हे आधीच माहीत होते. त्या टाक्यांचे नुसते पाणी तपासले, तर ९३ टक्क्यांहून अधिक जाती बरोबर ओळखता आल्या.

मातीतले जिवाणू अशा रीतीने शोधणे १९८०च्या दशकापासून चालू होते. पण मोठ्या प्राण्याचा माग पाण्यावरून काढता येतो हे २००८ साली फ्रान्समध्ये दिसून आले. तिथल्या तळ्यांत बाहेरून आलेला अमेरिकन बैलबेडूक पसरत होता, तो शास्त्रज्ञांनी पाण्यावरून ओळखला. त्यानंतर लगेच पुढच्याच वर्षी ही रीत अमेरिकेत माशांच्या मागावर लागली. त्यामुळे जे घडले ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

चंदेरा मासा आणि शिकागोचा कालवा

तुमच्या गावतळ्यात किंवा शेततळ्यात मिश्र मत्स्यशेती असेल तर चंदेरा मासा तुमच्या ओळखीचा आहे. याला सिल्व्हर कार्प म्हणतात. तो मूळचा चीनकडचा. आपल्या देशात तो १९५९ साली जपानमधून आणला गेला. अमेरिकेत तो आणि त्याचा भाऊबंद बिगहेड कार्प १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्कान्सा राज्यात आणले गेले. उद्देश चांगला होता. मत्स्यशेतीच्या तळ्यांत आणि सांडपाण्याच्या तलावांत शेवाळ फार होते, ते या माशांनी खावे आणि पाणी स्वच्छ राहावे. पण तळ्याला बांध असला तरी पुराला बांध नसतो. मासे निसटले, मिसिसिपी नदीत शिरले, तिथे विणले आणि उपनद्यांतून वर सरकत गेले. चंदेरा तर मोटरबोटीच्या आवाजाने बिचकून पाण्याबाहेर दोन-तीन मीटर उडी मारतो. बोटीतली माणसे त्याच्या तडाख्याने जखमी झाली आहेत.

आता वरच्या बाजूला होती ग्रेट लेक्स ही समुद्रासारखी अफाट सरोवरे. तिथल्या मासेमारीची उलाढाल वर्षाला सुमारे ७ अब्ज डॉलर सांगितली जाते. नदी आणि सरोवर यांच्यात निसर्गाने जोड ठेवलेली नव्हती. ती माणसाने दिली. शिकागो शहराचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० साली एक कालवा खोदून सुरू केला आणि मिशिगन सरोवराचे खोरे मिसिसिपीच्या खोऱ्याला जोडले गेले. मासे याच कालव्याने सरोवरात शिरतील ही भीती होती. म्हणून २००२ पासून कालव्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून अडसर केला होता. मासा जवळ आला की झटका बसून मागे फिरावा, अशी ती योजना.

अडसराच्या वरच्या बाजूला मासे गेले आहेत का, हे जाळी टाकून आणि विजेच्या झटक्याने मासे वर आणून तपासत होते. काही सापडत नव्हते. २००९ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कालव्याच्या निरनिराळ्या ठिकाणांहून दोन-दोन लिटर पाणी घेतले. त्यात या कार्प माशांचा डीएनए अडसराजवळ सापडला. नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले की तो अडसराच्या पलीकडे, सरोवराच्या बाजूलाही सापडला आहे. मासा एकही हाती नाही आणि पाणी मात्र सांगते आहे की तो आला.

मग जे झाले त्याचा विचार करा. अडसराची दुरुस्ती करण्यासाठी वीज बंद ठेवावी लागणार होती. तेवढ्यात मासे घुसतील म्हणून डिसेंबर २००९ मध्ये अडसराच्या खालच्या बाजूला कालव्याच्या नऊ-दहा किलोमीटर पट्ट्यात रोटेनोन टाकले. हे काही वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे विष माशांना मारते. मेलेले मासे मोठ्या संख्येने निघाले, पण त्यात बिगहेड कार्प निघाला तो फक्त एक.

शेजारचे मिशिगन राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. कालव्याची जलद्वारे बंद करा, अशी त्याची मागणी. ज्यांचा माल जलमार्गाने जायचा त्यांचा याला विरोध. मासा दाखवा, मग बोला, असा त्या बाजूचा सूर होता. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलद्वारे तातडीने बंद करण्याचा हुकूम द्यायला नकार दिला. पण जून २०१० मध्ये मिशिगन सरोवरापासून अवघ्या दहा किलोमीटरवर, अडसराच्या वरच्या बाजूच्या कॅल्युमेट तळ्यात, एका मच्छीमाराच्या जाळ्यात जवळजवळ नऊ किलोचा बिगहेड कार्प सापडला. पाणी खोटे बोलले नव्हते.

पण खरे तरी पूर्ण होते का?

इथे गोष्ट संपली असती तर बाटलीचा जयजयकार करून मोकळे झालो असतो. पण पुढे वर्षानुवर्षे कालव्यातल्या पाण्याचे नमुने घेणे चालूच राहिले. डीएनए अधूनमधून सापडत राहिला, मासे मात्र सापडेनात. दुसरा मासा, म्हणजे चंदेरा, अडसराच्या वर सापडायला २०१७ साल उजाडले. मग मधल्या काळातला तो डीएनए कुठून येत होता?

याचा तपास अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने इतर सरकारी संस्थांबरोबर केला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. जिवंत माशाशिवायही डीएनए पाण्यात येण्याच्या अनेक वाटा त्यांना दिसल्या. खालच्या नदीत मासा खाऊन आलेला पक्षी वर येऊन विष्ठा टाकतो. मालवाहू तराफ्यांना आणि बोटींना माशांचा चिकटा लागतो, मेलेला मासाही वाहून येतो. एका ठिकाणी वापरलेले जाळे न धुता दुसऱ्या ठिकाणी टाकले की डीएनए त्याच्याबरोबर जातो. शहरातले मासळीचे धुवण गटारातून कालव्यात उतरते.

आपल्याकडे हे ताबडतोब पटेल. आठवडी बाजाराच्या दिवशी मासेवाल्याने बर्फाचे पाणी ओढ्यात ओतले, आणि दुसऱ्या दिवशी कोणी ओढ्याचे पाणी तपासले, तर ओढ्यात समुद्रातला बांगडा निघायचा! प्रयोगशाळेचे उत्तर बरोबर असेल, आपण काढलेला अर्थ चुकेल.

म्हणून आता जाणकार एका नमुन्यावर निर्णय घेत नाहीत. एकाच जागी, वेगवेगळ्या वेळी, पुन्हापुन्हा तोच मासा पाण्यात दिसला तर तिथे जाळी घेऊन जायचे, अशी रीत बसली आहे. बाटली सांगते कुठे शोधायचे आणि जाळे सांगते काय आहे. पंचनाम्याला एक साक्षीदार पुरत नाही, तसेच हे. ग्रेट लेक्समध्ये या दोन माशांची वाढती वस्ती झाल्याचे आजवर आढळलेले नाही. त्या राखणीत जाळ्याबरोबर बाटलीचाही वाटा आहे.

बाटली काय सांगते, काय सांगत नाही

कोणता मासा आहे, हे सांगण्यात बाटली जाळ्याच्या पुढे जाऊ शकते. इंग्लंडमध्ये विंडरमियर नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे आजवर १६ जातींच्या माशांची नोंद झालेली. नुसत्या पाण्यावरून त्यातल्या १४ जाती ओळखता आल्या. त्याच सुमारास टाकलेल्या जाळ्यांत मिळाल्या ४. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कारण उघड आहे. जाळ्याचा आस मोठा असला की बारीक मासा निसटतो. कपारीत दडणारी वाम जाळ्यात येत नाही. खोल डोहात जाळे पोचत नाही. पाणी मात्र सगळीकडून वाहत येते.

पण वाहत येते हीच अडचणही आहे. स्वित्झर्लंडमध्ये ग्लाट नावाची नदी एका सरोवरातून निघते. सरोवरात राहणाऱ्या पाणपिसवांचा डीएनए नदीत १२ किलोमीटर खालपर्यंत सापडला, असे २०१४च्या अभ्यासात दिसले. म्हणजे तुमच्या गावच्या घाटावर घेतलेल्या पाण्यातला मासा तुमच्याच गावच्या हद्दीत असेल असे नाही. वरच्या तीन-चार गावांचाही तो असू शकतो. त्यासाठी नदीवर खालून वर, ठराविक अंतराने, अनेक ठिकाणी पाणी घ्यावे लागते. कुठपासून सापडतो आणि कुठे थांबतो हे पाहिले की जागा कळते.

किती मासे आहेत, हे बाटली नीट सांगत नाही. जपानमध्ये २०१२ साली सायप्रिनस माशावर प्रयोग झाले. टाकीत आणि तळ्यात मासे जास्त तर डीएनए जास्त, असे दिसले. पण नदीत पाणी कमी-जास्त होते, ऊन लागते, विणीच्या दिवसांत डीएनए एकदम वाढतो. म्हणून 'इतके क्विंटल मासे आहेत' असा आकडा कोणी पाण्यावरून देऊ लागला तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा. एकाच जागी, एकाच हंगामात, एकाच पद्धतीने दरवर्षी पाणी घेतले तर वाढ आहे की घट आहे याचा अंदाज मिळू शकतो, एवढेच.

मासा लहान की मोठा, नर की मादी, अंड्यावर आहे का, हेही यातून कळत नाही. जिवंत की मेलेला, हेही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मासे का मेले हे ही तपासणी सांगत नाही. त्यासाठी पाण्यातला विद्राव्य प्राणवायू, रसायने, मेलेले मासे यांचीच तपासणी करावी लागते.

हा डीएनए टिकतोही थोडाच काळ. ऊन, उष्णता आणि पाण्यातले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. थंड पाण्यात तो जास्त टिकतो, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात लवकर संपतो. एका अर्थी हे बरेच आहे. नदीतून सापडलेला डीएनए बहुधा अलीकडचाच असतो, मागच्या वर्षीचा नसतो. मात्र पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने गाळणकागद लगेच तुंबतो, हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे.

आपल्या नद्यांचे काय?

"अमेरिकेतल्या गोष्टी आम्हाला कशाला सांगता?" असे कोणी म्हणेल. तर हिमाचल प्रदेशात सतलजवर भाक्रा धरण आहे, त्याच्या मागच्या जलाशयाचे नाव गोविंदसागर. १९७१च्या पुरात देवळी इथल्या मत्स्यबीज केंद्रातले चंदेरा मासे निसटून या जलाशयात आले. पुढे तिथे चंदेऱ्याचेच राज्य झाले आणि कटला मागे पडला. अर्कान्साच्या तळ्याला जे झाले तेच इथे झाले. आपल्याकडे आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. तरी चोरून पालन होते आणि कारवायाही होतात. शेततळ्यातून तो पुराबरोबर ओढ्यात गेला आणि मासेखाऊ असल्याने स्थानिक माशांवर तुटून पडला, तर ते कळणार कधी? जाळ्यात दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अशा वेळी एकाच माशाचा शोध घेणारी बाटलीची तपासणी कामाची आहे. मासे थोडे असतानाच ती इशारा देऊ शकते.

दुसरी गोष्ट नोंदीची. मुंबई सरकारच्या चाकरीतला विल्यम सायक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याने दख्खनच्या माशांची नोंद केली आणि १८३९ साली ती प्रसिद्ध झाली. महाशीरच्या एका जातीचे वर्णन त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. विशेष म्हणजे मासे धरणाऱ्या लोकांनी सांगितलेली नावे त्याने शास्त्रीय नावात तशीच ठेवली. आपल्या 'कोळस' माशाच्या शास्त्रीय नावात आजही 'कोलस' आहे. मुळा-मुठेत तेव्हा काय होते हे आज सांगता येते, कारण एका माणसाने ते लिहून ठेवले आणि आपल्याच भोई-कोळी मंडळींनी त्याला नावे सांगितली.

ई-डीएनएलाही अशी माणसे लागतातच. पाण्यातून डीएनएचा तुकडा मिळाला तरी तो कोणत्या माशाचा हे ओळखायला आधी त्या माशाचा नमुना संग्रहात असावा लागतो. बोटांचे ठसे मिळाले पण पोलिसांच्या दप्तरी ते नोंदलेलेच नसले तर उपयोग काय? सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत अशा काही जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. त्यांचा मासा कोणीतरी धरून, ओळखून, जपून दिल्याशिवाय संग्रह पुरा होणार नाही. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था देशातल्या माशांच्या आनुवंशिक नोंदींचे काम करते. हैदराबादच्या सीसीएमबीने ओडिशातल्या चिल्का सरोवरावर ई-डीएनएचे काम केले आहे. म्हणजे विद्या देशात आहे. गावातल्या माहितीची तिला जोड हवी.

नोंदवही काढा

आता गावातल्या कारभारी मंडळींसाठी. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. ती वही कपाटातून काढा आणि माशांचे पान उघडा. त्यात काय आहे? 'रोहू, कटला, मृगल' एवढेच असेल तर ती तळ्याची यादी झाली, नदीची नव्हे.

समजा, उद्या वरून कसले तरी पाणी आले आणि नदीवर मेलेल्या माशांचा खच पडला. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत तसे झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. अशा वेळी पहिला प्रश्न येतो की नुकसान किती आणि कशाचे? आधी नदीत काय होते हेच कागदावर नसेल तर मच्छीमारांनी काय दाखवायचे? मासे मेल्यानंतर घेतलेल्या पाण्यात मेलेल्या माशांचाही डीएनए असतो. तो धरून ठेवून 'मासे अजून आहेत की' असे कोणी म्हणेल, तर तेही चुकीचे. आधीची नोंद हाताशी असेल आणि वर्षभराने त्याच जागी पुन्हा पाणी तपासले, तरच कोण परतले आणि कोण परतले नाही हे दाखवता येते. तंट्यात अशी नोंद कितपत धरायची हे अधिकारी ठरवतील. पण नोंदच नसेल तर धरायला काहीच नाही.

म्हणून पहिले काम बिनपैशाचे आहे. गावातल्या जुन्या मच्छीमारांना, भोई-कोळी वस्तीतल्या आजी-आजोबांना ग्रामपंचायतीत बोलवा किंवा तुम्हीच त्यांच्याकडे जा. माशांची स्थानिक नावे लिहून घ्या. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळायचा आणि कधीपासून मिळत नाही, तेही लिहा. मासा मिळाला की त्याचा फोटो काढून नावाबरोबर लावा. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

दुसरे काम जोडून घेण्याचे. तपासणी गावात होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. पण जिल्ह्यातले महाविद्यालय, मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय, जैवविविधता मंडळ यांना ग्रामपंचायतीने ठराव करून पत्र द्यायला काय हरकत आहे? नदीकाठच्या आठ-दहा गावांनी मिळून मागणी केली तर तिला वजन येते, आणि नदी काही एका गावाची नसतेच.

पाणी घ्यायला गावकरी मदत करू शकतात. इंग्लंडमध्ये शेंडीदार न्यूट नावाचा, सरड्यासारखा दिसणारा पाण्यातला एक दुर्मिळ उभयचर आहे. त्याच्या शोधासाठी तळ्यांचे पाणी साध्या स्वयंसेवकांकडूनही घेतले. जिथे तो असल्याचे माहीत होते तिथे स्वयंसेवकांच्या नमुन्यांत तो ९१ टक्के वेळा सापडला, तर जाणकारांच्या नमुन्यांत ९९ टक्के. शिकवले तर जमते, असा त्याचा अर्थ. २०१४ पासून तिथे सरकारी कामातही ही तपासणी मान्य आहे.

कधी तुमच्या गावी असे पथक आले तर ही पथ्ये पाळली जातात का ते बघा. बाटल्या निर्जंतुक आणि हातमोजे नवे असावेत. मासे हाताळलेल्या माणसाने त्या दिवशी बाटलीला हात लावू नये. आधी खालच्या जागेचे पाणी घ्यावे, मग वर जावे, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेले पाणी बाटलीत येत नाही. एकाच जागी निदान दोन-तीन नमुने घ्यावेत. एका बाटलीत शुद्ध पाणी भरून तीही सगळीकडे बरोबर न्यावी आणि तपासावी. तिच्यात मासा निघाला तर कुठेतरी भेसळ झाली हे कळते. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहावी. पाणी बर्फाच्या पेटीत ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर गाळावे. जवळ मासळी बाजार, मत्स्यबीज केंद्र किंवा गटाराचे तोंड असेल तर तेही लिहून ठेवावे. आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीला मिळाली पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या. पाणी तुमच्या नदीचे आहे.

अहवाल आला की त्यात 'सापडला नाही' असे ज्या माशापुढे लिहिले असेल, त्याचा अर्थ 'नाहीच' असा लगेच लावू नका. पाणी चुकीच्या हंगामात घेतले असेल, मासा थोडा असेल, किंवा संग्रहात त्याची नोंदच नसेल. आणि 'सापडला' असे लिहिले असेल तर कुठल्या जागी, किती नमुन्यांत, किती वेळा, ते वाचा. मग तो अहवाल घेऊन त्याच म्हाताऱ्या मच्छीमाराकडे जा. "पाण्यात मरळ निघाली म्हणतात, तुम्हाला कधी दिसली?" असे विचारा. तो डोह दाखवील. तिथे जाळे टाका आणि जे मिळेल ते तारखेसह नोंदवहीत लिहा.

हिवाळ्यात पाणी स्थिर असते, गढूळपणा कमी असतो. येत्या हिवाळ्याच्या आधी नोंदवहीतले माशांचे पान तेवढे भरून घ्या. बाटली येईल तेव्हा येईल.